एक वाजायला पाच मिनिटं असताना

ही घटना खरी आहे. मीच त्यात आहे, आणि दोषीही मीच.

रात्र नव्हती. भरदुपार होती. मे २००२, बुधवार पेठेतलं माझं मोबाईलचं दुकान.

एक वाजायला पाच मिनिटं होती. एक ते चार दुकान बंद. मी शटर अर्धं ओढलं, तेवढ्यात येरवड्याचे बाबुराव वाकून आत आले. मुलगी आम्रपाली कंपनीतर्फे अमेरिकेला निघाली होती. घराण्यात पहिलीच. रोमिंग सुरू करून घेतलं होतं, फक्त हँडसेट हवा होता.

मी हाताशी होता तो दिला.

"अहो, तिकडे लागेल ना हा?"

खोक्यामागे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते लिहिलं होतं, ९०० आणि १८००. अमेरिकेत १९०० लागतं. तसला फोन माळ्यावर होता. शिडी लावायची, शोधायचा... आणि मला भूक लागली होती.

"तिकडेही माणसंच राहतात हो. लागेल."

ते समाधानाने गेले. मी जेवायला गेलो.

ऑगस्टमध्ये आम्रपाली आली. एकटीच.

तिकडे उतरल्यापासून तिच्या फोनला नेटवर्कच मिळालं नव्हतं. घरी फोन नव्हता, म्हणून बाबुरावांनीच बूथवरून लावायचा असं ठरलं होतं. तीन दिवस ते लावत राहिले. पोरीचं काही बरंवाईट झालं, असंच त्यांनी धरलं. तिसऱ्या दिवशी बूथमध्येच कोसळले आणि गेले. रिसीव्हर हातात होता.

तिने फोन काउंटरवर ठेवला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिने सिम काढून घेतलं आणि ती गेली. मी बॅटरी काढली आणि फोनसकट ड्रॉवरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटरला हात घातला...

ड्रॉवरमध्ये रिंग वाजली.

बॅटरी बाजूलाच पडली होती. स्क्रीन काळी होती. तरी वाजत होता.

मी कानाला लावला. आधी पंख्याची घरघर. मग बूथच्या मीटरची टिकटिक... मग कोणाचा तरी श्वास.

"अहो, तिकडे लागेल ना हा?"

मी फोन ड्रॉवरमध्ये कोंबला. पण रोज त्याच वेळी तो वाजू लागला. रोज तोच प्रश्न, तितक्याच अदबीने. ते एकदा तरी चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या सुमारास मला सहन होईना.

"नाही लागणार, बाबुराव. मला माहीत होतं."

टिकटिक थांबली.

"मग पोरीला सांगा."

त्याच संध्याकाळी तिच्या कंपनीत विचारून आम्रपालीचा नवा नंबर मिळवला आणि दुकानातल्या लँडलाईनवरून लावला. कानात रिंग गेली...

आणि ड्रॉवरमधला फोन वाजू लागला.

मी रिसीव्हर ठेवला. तोही थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. नंतर धीर झाला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच लाज जास्त आहे.

इतकी वर्षं झाली. आता मी एक वाजता दुकान बंद करत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला खोकं उलटं करून दाखवतो. लोक हसतात. फोन अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि रोज वाजतो.

म्हणून इथे लिहितोय. आम्रपाली, हे वाचत असशील तर... मला माहीत होतं गं.

आता एक वाजून दहा मिनिटं झालीत.

आज फोन वाजलेला नाही.

पण दुकानात कोणी नसताना, अर्ध्या शटरखालून कोणीतरी वाकून आत आल्यासारखं वाटतंय.

आणि शटर तर मी ओढलेलंच नाही.