राज्य दाजींवर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाही ठेवलात तर तुमची झोप तरी शाबूत राहील. हे माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि दाजी म्हणजे थापा मारणारा माणूस नव्हे. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता दिसतंय? आणि आता?" विचारत बसायचं, हा त्यांचा धंदा. नसलेलं बघणाऱ्यातले ते नाहीत.

आणि रात्रही नव्हती. ऐन दुपार होती, लख्ख उन्हाची.

दर सुट्टीत ताई, दाजी आणि पोरं तळ्याकाठचं एक घर भाड्यानं घ्यायची. थोरली, आणि तिच्या पाठचा भुंगा. भुंगा हे घरातलं नाव. तोंड मिटूनही हा पोरगा गप्प बसायचा नाही, सारखी गुणगुण.

निघायच्या दिवशी त्याचा खेळ ठरलेला. सामान गाडीत चढलं की हा गायब. राज्य कायम दाजींवर. जिन्याखालच्या कपाटातून गुणगुण ऐकू यायची, पण दाजींनी सगळं घर पालथं घातल्याचं सोंग करायचं. मग "हरलो बुवा" म्हणायचं. तेव्हाच स्वारी बाहेर. कधी लहर आली तर चोरपावलांनी मागून येऊन पाठीवर धप्पा, म्हणजे पुन्हा राज्य दाजींवरच. यात उशीर व्हायचा आणि दोघांनाही ताईची बोलणी बसायची.

मग भुंग्याला ताप आला. तो डोक्यात गेला.

दवाखान्यात त्याच्या तोंडावर चादर ओढली, तेव्हा दाजी खाटेवर वाकून म्हणाले, "हरलो रे." परत परत म्हणाले. शेवटी नर्सनं त्यांना धरून बाहेर आणलं. मी तिथेच होतो.

पुढची सुट्टी लागली तेव्हा ताई म्हणाली, "पोरीनं काय पाप केलंय? तिला तरी कुठेतरी नेऊ." थोरली म्हणाली, तळ्याकाठीच जायचं. तिला नाही कोण म्हणणार?

सुट्टी कशीबशी ढकलली. कुणी पाण्यात उतरलं नाही. काही घडलंही नाही. खरंच काही नाही.

निघायच्या दुपारी ताई आणि थोरली गाडीत बसल्या. दाजी खिडक्या लावायला मागे राहिले. वरच्या खोल्या झाल्या. नळ बघून झाले. जिना उतरताना...

गुणगुण.

बारीक. तोंड मिटून केलेली.

दाजी जागच्या जागी थांबले. पंखे बंद होते. फ्रिजही त्यांनीच बंद केला होता.

गुणगुण थांबली. मग कपाटाच्या दाराआडून... दाबून ठेवलेलं हसू फुटल्यासारखा आवाज.

"हरलो" एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता, असं दाजींनी मला स्वतः सांगितलं. पण दवाखान्यातही ते हेच म्हणाले होते, आणि चादर हलली नव्हती. आता म्हटलं आणि पुन्हा कुणी आलं नाही तर? न म्हटलं तर आत कुणीतरी आहे, एवढं तरी उरत होतं.

त्यांनी शब्द गिळला. कपाट उघडलं नाही. बाहेर येऊन कुलूप घातलं आणि किल्ली रखवालदाराच्या हातात दिली.

गाडी बरीच पुढे गेल्यावर ताई समोर बघत म्हणाली, "म्हणालात का?"

"काय?"

"तुम्हाला माहितीये काय. मला गाडीपर्यंत ऐकू येत होती त्याची गुणगुण."

"नाही म्हटलं," दाजी म्हणाले.

"अहो, वाट बघत बसेल ना तो."

त्यांनी गाडी वळवली.

मग दाजी म्हणाले. जिन्याखाली म्हणाले, वरच्या खोल्यांत म्हणाले, पलंगांखाली वाकून म्हणाले. "हरलो. भुंग्या, हरलो मी. ये आता." कपाट उघडलं. आत झाडू आणि बादली. घरात कुठे टाचणी पडल्याचाही आवाज नाही.

शेवटी रखवालदार दारात येऊन उभा राहिला. "साहेब, पुढचे लोक येतील आता. काही राहिलंय का तुमचं?"

दाजी त्याच्याकडे वळले. कपाटाकडे त्यांची पाठ झाली. "नाही," ते म्हणाले, आणि...

पाठीवर धप्पा बसला.

लहान हाताचा. कमरेच्या जरा वर, भुंग्याचा हात पोचायचा तिथेच.

ते गर्रकन वळले. झाडू. बादली.

रखवालदाराचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्यानं काय पाहिलं ते तो आजतागायत सांगत नाही. पुढच्या लोकांची सोय त्यानं त्याच दिवशी दुसरीकडे केली.

ताई धावत आत आली तेव्हा दाजी रडत होते, आणि हसतही होते. "धप्पा दिला गं त्यानं. माझ्यावरच राज्य आहे अजून."

तेव्हापासून दाजी शोधतायत. दुकानाला सुट्टी असली की तळ्याकाठी जातात आणि त्या घरात हरलो, हरलो म्हणत हिंडतात. ताई बाहेर गाडीत बसून असते, कान देऊन. पुन्हा कधीही काही ऐकू आलेलं नाही. मी समजावून बघितलं. दोघं माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्यांचं पोर लपवून ठेवलंय.

जाताना ते थोरलीला माझ्या घरी सोडतात.

गेल्या खेपेला तिनं मला विचारलं, "मामा, मी लपले तर मला शोधतील का रे?"

"वेडी का तू? शोधतीलच की."

ती सोफ्याच्या एका टोकाला जाऊन बसली, शेजारची जागा मोकळी सोडून. थोड्या वेळानं माझी पाठ वळली, आणि मागून गुणगुण सुरू झाली... बारीक, तोंड मिटून केलेली.

थोरलीला गुणगुणायची सवय कधीच नव्हती. मी वळून बघितलं नसतं तर बरं झालं असतं, कारण ती शांत झोपलेली होती, आणि गुणगुण तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेतून येत होती.