कळण्याचा क्षण

त्या वर्षांत बातमी येत नसे. ती नुसती असे. सकाळी जाग यावी आणि ठाऊक असावे की नवी वर्गीकरण-सूची लागू झाली आहे, अमुक नियतकालिक बंद पडले आहे. हे केव्हा कळले, कुणी सांगितले, याची जागा मनात कोरी.

पूर्वीच्या फीडला निदान पडदा होता. दहा संकेतस्थळांच्या दारी जाण्याऐवजी नव्या नोंदी आपल्याकडे चालत येत आणि माणूस त्या वाचे. अंतर्फीडने वाचणेच वगळले. कानामागची चकती झोपेत नोंद थेट स्मृतीत ठेवून जाई.

जिल्हा ग्रंथालयाच्या ग्रंथपाल हेमलता सरनोबत यांनी आठ महिन्यांपूर्वी चकती बसवून तिचे प्रशिक्षण घेतले. मोजकेच विषय निवडा, असे प्रशिक्षकाने बजावले होते. पण संचातला एक खंड गहाळ असला तरी हेमलताबाईंना अन्न गोड लागत नसे. व्यवसायवार्तांच्या झाडून साऱ्या वर्गांपुढे त्यांनी खुणा केल्या. त्यांत एक वर्ग होता 'निधने'.

मंगळवारी चहाच्या वेळी त्या सहायक सुहास वाघचौरेला सहज म्हणाल्या, "पुष्पाताई असत्या, तर ही नवी सूची त्यांनी फाडून टाकली असती."

सुहासचा कप ओठांशीच थांबला. "असत्या म्हणजे?"

"गेल्या ना त्या."

"कुणी सांगितलं, मॅडम?"

हेमलताबाईंनी आठवून पाहिले. पुष्पा कुलथे यांनी त्यांना पहिले पुस्तक दाखल करायला शिकवले होते. गेली तीस वर्षे दर रविवारी त्यांचा फोन येई. त्यांचा मृत्यू मनात होता, एखाद्या दूरच्या राजधानीचे नाव असावे तसा. त्याभोवती काहीच नव्हते.

"रविवारी शोकसभा आहे," दुसऱ्या दिवशी त्या डॉ. फिरोज तांबोळींना म्हणाल्या. अंतर्फीड घडवणाऱ्यांपैकी ते एक. "मला बोलायचंय. आणि आत काही हललेलंच नाही."

"बाई, स्मृतीच्या दोन वह्या आहेत असं समजा. एकीत 'काय' लिहिलेलं. दुसरीत 'केव्हा, कुठे, कुणाच्या तोंडून'. आम्ही फक्त पहिलीत लिहितो."

"आणि रडू?"

"ते दुसरीत असतं. आम्हाला ती अडगळ वाटली."

"आम्हीही पुस्तकं रद्द करतो, डॉक्टर. पण आधी उघडून बघतो."

डॉक्टर म्हणाले, "नोंद पुसता येईल. तिच्यावर चढलेले हे दिवसही. काहीतरी ऐकायला बसला आहात, एवढंच उरेल. मग कुणीतरी तोंडाने सांगायचं. पण तोवर तुमच्या लेखी त्या जिवंत असतील."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"पुष्कळ झाली," हेमलताबाई म्हणाल्या. "सांगेल सुहास. त्याला खोटं बोलता येत नाही."

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत नोंद पुसली गेली. खिडकीत पांढरे, निर्विकार ऊन होते. हेमलताबाई सुहासला म्हणाल्या, "असा काय बसलायस, तपासणीला आल्यासारखा? बरं, परवा रविवार. या सूचीचं गाऱ्हाणं पुष्पाताईंच्या कानावर घालते की नाही बघ. तासभर शिव्या घालतील."

सुहासने डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली.

"मॅडम," तो म्हणाला, "पुष्पाताई गेल्या. रविवारी पहाटे. झोपेतच." आणि त्यालाच रडू कोसळले.

हेमलताबाईंनी लक्षपूर्वक ऐकले. पडद्यावरच्या त्यांच्या मेंदूच्या आलेखात डॉक्टरांना दिसले: कानातून शिरलेले वाक्य दुसऱ्या वहीकडे वळलेच नाही. आठ महिन्यांत मनाने एकच वाट पायाखाली घातली होती; शब्द त्या वाटेने गेला आणि पहिल्या वहीत जाऊन बसला. अंतर्फीड आता चकतीत नव्हते, त्यांच्या मनातच होते.

हेमलताबाईंनी सुहासपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बातमीसाठी थांबल्या.