न बिघडणारं स्टिअरिंग

स्टिअरिंग टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. लोक खोक्यातून आणतात, पिशवीतून आणतात, एकानं तर गळ्यात अडकवून आणलं होतं. पण हा... दारात पाय पुसले, आत आला, आणि ते काउंटरवर इतकं अलगद ठेवलं, की काका माझ्या कानाशी कुजबुजले, "दवाखाना समजून आला की काय गं हा?"

दुकान काकांचं. पुढे ते गेमिंगचं सामान विकतात. हेडफोन, कन्सोल, गाड्यांच्या शर्यतीच्या खेळांसाठी स्टिअरिंग आणि पेडल. मागे पडद्याआड माझं टेबल. बिघडलेलं सगळं माझ्याकडे येतं. मी तोंडाची फटकळ, म्हणून काका मला शक्यतो पडद्याआडच ठेवतात. त्या दिवशी मात्र मी चहाचा कप घेऊन बाहेर उभी होते.

"तुमच्याकडे सगळ्यात टिकाऊ स्टिअरिंग कोणतं?" त्यानं विचारलं.

काकांचा हात लगेच सगळ्यात वरच्या फळीकडे गेला.

"थांबा हो काका," मी म्हटलं. "आधी हे कशानं गेलं ते तरी बघू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांब पापण्या पुरुषाला देऊन देवानं काय साधलं, असं मला उगीचच वाटून गेलं. मी मान खाली घातली आणि स्क्रू काढायला घेतले. आतली मोटर ठणठणीत. दाते शाबूत. मोडला होता तो टेबलाची कड पकडणारा प्लॅस्टिकचा जबडा, अगदी मधोमध.

"हे फिरवून मोडलेलं नाही," मी म्हटलं. "वरून ओढून मोडलंय. लोंबकळता का तुम्ही याला?"

"मी नाही..." त्याचे कान लाल झाले. "आई चालवते."

"आई?" काका आणि मी एकदमच म्हणालो.

मग त्यानं सांगितलं. आईनं अठ्ठावीस वर्षं शहरात बस चालवली. सात नंबरची. मागच्या वर्षी एका डोळ्याची नजर गेली आणि लायसन्स गेलं. तेव्हापासून ती खिडकीत बसायची, खालून जाणाऱ्या बसचा नुसता आवाज ऐकत. हा बसच्याच ऑफिसात वेळापत्रकं करायचा. एकदा मित्राकडे गंमत म्हणून तिच्या हातात हे स्टिअरिंग दिलं, तर ती कितीतरी महिन्यांनी हसली.

"हे दुसरं मोडलं," तो हळूच म्हणाला. "आता ती म्हणते—नकोच ते, माझ्या हाती काही टिकत नाही. पुन्हा खिडकीत जाऊन बसलीये. म्हणून मला... टिकणारंच हवंय."

माझा चहा गार झाला होता. मी तो तसाच ठेवला आणि त्याला एकेक स्टिअरिंग हातात देत गेले.

"खोक्यावरचं वाचू नका, हाताला काय कळतं ते बघा. असं कडेला धरून वर-खाली हलवा. डुगडुगलं की नको. आत दाते असले की खडखडणार, पण धातूचे असतील तर मरत नाहीत. पट्टा असला की लोण्यासारखं फिरतं, पण पट्टा कधीतरी सैल पडतो. आणि हे वरचं—यात चाक थेट मोटरच्याच दांड्यावर बसलंय. मधे झिजायला काही नाहीच. पण फार जड आणि फार ताकदीचं, त्याला टेबल पुरत नाही, लोखंडी स्टँड लागतो. आणि मुख्य म्हणजे सुटे भाग मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर ते टिकाऊ नाही, नुसतं मस्तवाल आहे."

तो खिशातल्या वहीत रकाने आखून सगळं लिहून घेत होता.

"परीक्षा आहे का उद्या?"

"सवय आहे," तो हसला. "लिहिलं नाही तर बस चुकते."

शेवटी मी त्याला पट्ट्याचं दिलं, लोखंडी जबड्याचं. "हे मोडलं तर नाव बदलून ठेवीन," असंही तोऱ्यात म्हणाले.

बरोबर बारा दिवसांनी, संध्याकाळी सहा दहाला, तो दारात. काखेत तोच टॉवेल.

"मग," तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "नवीन काय नाव ठेवलंत?"

मी जीभ चावली. जबडा शाबूत होता. या वेळी टेबलाचीच कड उखडून आली होती, लाकडाचा तुकडा अजून जबड्यात. हा आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. (काका म्हणतात इभ्रतीचा नव्हता, दुसराच होता. त्यांना काय कळतंय.)

"मला तुमच्या आईंना चालवताना बघायचंय," मी म्हटलं.

रविवारी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लहानसं, लखलखीत. आई म्हणजे रुंद मनगटांची, बाह्या दुमडलेली बाई. मी मावशी म्हटलं तर म्हणाल्या, "म्हण. पण आधी बस." त्यांच्यासाठी मी तेच पट्ट्याचं स्टिअरिंग दुसऱ्या टेबलाला कसंबसं लावलं. पडद्यावर शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या सुसाट, आणि मावशी आपल्या तीसच्या वेगानं, वळणावर इशारा देऊन, डावी बाजू धरून. मागून कुणीतरी हॉर्नवर हॉर्न.

"वाजव बाबा," मावशी म्हणाल्या. "माझ्या गाडीत माणसं उभी आहेत."

मला हसू आवरेना. तिकडे तोही तोंडावर हात धरून हसत होता. नजरानजर झाली आणि मी घाईनं पेडलकडे बघायला लागले. पेडलना काही झालं नव्हतं.

मग चहा करायला मावशी उठल्या... आणि मला दिसलं. डावा हात चाकाच्या माथ्यावर, सगळा भार त्यावर, आणि हुप्प करून उभ्या. परत आल्या, बसतानाही तेच. अठ्ठावीस वर्षं उंच सीटवर त्या तशाच चढल्या-उतरल्या होत्या, चाकाला धरून! बसचं चाक तो भार घेतं. खेळातलं कसं घेणार?

"सापडलं!" मी ओरडलेच.

"काय गं? झुरळ?" मावशींनी पाय वर घेतले.

"तुम्ही उठता कशा ते सापडलं, मावशी. दोष तुमच्या हातांचा नाहीच. हातांना धरायला दुसरं काही नाही, एवढंच!"

 मावशी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून बसवलं. वरच्या फळीवरचं ते थेट मोटरचं स्टिअरिंग, चार बोल्टांनी लोखंडी स्टँडवर पक्कं, आणि डाव्या अंगाला, हात आधी जाईल अशा उंचीवर, जाड पोलादी मूठ. अगदी बसच्या दारात असते तशी. मी खाली आडवी पडून बोल्ट आवळत होते, तो वरून धरून होता. चौथ्या बोल्टला त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... आणि तो बोल्ट आवळायला आम्हाला पहिल्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ लागला.

मावशी आल्या. हात सवयीनं पुढे गेला, आणि मुठीवर पडला. त्या बसल्या. उठल्या. परत बसल्या. स्टँड ढिम्म हलला नाही.

"ही माझी गाडी," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. पाऊस भुरभुरत होता, दोघांत एक छत्री, आणि ती जवळजवळ सगळी माझ्याच डोक्यावर.

"आता बिघडणार नाही ना?" त्यानं विचारलं.

"छे! दहा वर्षं तरी बघायला नको."

"छान," तो म्हणाला.

"छानच," मी म्हणाले.

घरी पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दहा वर्षं! म्हणजे हा माणूस आता दहा वर्षं दुकानात पाऊल टाकणार नाही. शहाणपणा करून मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

आणि तसंच झालं. एक आठवडा गेला, दोन गेले, सहा गेले. सहा दहा झाले की माझे डोळे आपोआप दाराकडे जायचे. दुरुस्तीला ढीगभर स्टिअरिंग येत होती, आणणाऱ्या एकाच्याही पापण्या बघवत नव्हत्या.

"पावतीवर नंबर आहे त्याचा," काका म्हणाले. "कसं चाललंय म्हणून विचार की."

"मी? मी कशाला विचारू? गरज असेल तो येईल."

"मग निदान तोंडातला स्क्रू काढून दाराकडे बघ. गिळशील एखादा."

खोटं का बोलू, रडू यायचं मला. फोन करायला हात जायचा आणि मागे यायचा. त्याला यायचंच असतं तर आला नसता का? आपण चार बोल्ट आवळले, त्याचं काम झालं. एवढंच असेल त्याच्या लेखी. असं मी स्वतःला रोज सांगायची आणि रोज सहा दहाला मान वर करायची.

अकराव्या आठवड्यात तो आला. काखेत टॉवेल. ते धूड दोन मजले उतरवून आणल्यामुळे धाप लागलेली.

"बंद पडलंय," तो म्हणाला. "चालूच होत नाही. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

कुणाच्या आईची गाडी बंद पडली आणि मला आनंद झाला, याची मला लाज वाटली. पण झाला, त्याला काय करू! काका "जरा चक्कर मारून येतो" म्हणून निघूनच गेले. मी मागचं झाकण उघडलं.

आत बघितलं आणि थांबले. मोटरला जाणारी बारीक वायर तिच्या खाचेतून बाहेर होती. तुटलेली नाही, ओढलेली नाही. नीट काढलेली. आणि तिचं टोक कुठे घासू नये म्हणून दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवलेलं.

माझं डोकं सणकलं. आनंदानं की रागानं, कोण जाणे.

"हे बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "हे कुणीतरी काढलंय. एवढा खटाटोप कशाला? यायचं होतं तर यायचं! मी काय हाकलून देणार होते? अकरा आठवडे मी इथे दाराकडे बघत बसलेय, आणि तुम्ही वायरी काढत बसलात!"

तो बघतच राहिला.

"मी... नाही काढली," तो म्हणाला.

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, ते त्या क्षणी. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा औषधालाही नव्हता. आणि मी सगळं बोलून बसले होते... दार, आठवडे, सगळं. मी झाकण उचललं, उलटं बसवलं, परत काढलं.

"पण," तो म्हणाला, आणि अडखळला. "सुचलं असतं ना... तर काढली असती."

मी वर बघितलं नाही. बघवलंच नाही.

"काम नसताना कसं यायचं, हेच कळत नव्हतं. तीनदा कोपऱ्यापर्यंत येऊन गेलो. काय सांगणार होतो? सगळं उत्तम चाललंय, म्हणून?"

"हेच सांगायचं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

त्यानं फोन लावला आणि मला ऐकू येईल असा धरला. "आई, वायर तू काढलीस?"

"मग कोण काढणार?" मावशींचा आवाज खणखणीत.

"अगं, पण एका डोळ्यानं—"

"बस चालवलीये मी. एक वायर नाही काढता येत? आणि विचार का काढली ते. रोज घरी आलास की चपला काढायच्या आधी विचारतोस, आई, काही खडखडतंय का गं? मी म्हणते, नाही रे, झकास चाललंय. की तुझं तोंड एवढंसं! किती दिवस बघायचं आईनं? म्हटलं, पोराला बिघाडातच सुख आहे, तर बिघडवू या." मग जरा थांबून, "आहे का ती तिथे?"

"आहे," तो म्हणाला.

"मग फोनवर काय बोलत बसलास माझ्याशी?" आणि फोन बंद.

 मी वायर खाचेत बसवली. टिक्‌ करून बसली. दोन मिनिटांचं काम.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मला तू फार आवडतेस. मी हे सांगावं म्हणून आईला गाडी बंद पाडावी लागली, याबद्दल... माफ कर."

"करते," मी म्हटलं. "आणि मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आता ते उचल, मावशी खोळंबल्यात."

दुकानाला कुलूप लावून निघालो. चौकात रस्ता ओलांडताना त्यानं माझा हात धरला. रस्ता ओलांडून झाला. हात तसाच. पुढचा रस्ता रुंद नव्हता, गाड्याही नव्हत्या, तरी तसाच. दुसऱ्या काखेत ते धूड सारखं घसरत होतं, ते गुडघ्यानं वर ढकलत, वाकडातिकडा होत तो चालला होता, पण एकदाही म्हणाला नाही की जरा सोड.

दोन जिने चढून आम्ही दारात उभे राहिलो. मावशींनी दार उघडलं.

"अरे, एका हातानं काय धरलंस? पाडशील ते! दोन्ही हातांनी धर!"

"दुसरा हात मोकळा नाही, आई," तो म्हणाला.

मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली.  मग बाह्या दुमडल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"नकोच मोकळा करू," त्या म्हणाल्या. "आण इकडे, मी धरते."