निळ्या नळीची साक्ष

उमरग्याच्या विहिरीवर बायांनी सरुबाईची घागर ढकलून दिली. रिकामी घागर घेऊनच ती रेवणप्पांच्या दारात आली. साल दुष्काळाचं, त्र्याहत्तर.

"आबारावांना म्या मारलं म्हणत्यात! चार दिवस झालं, पाणी भरू देईनात."

आबाराव सोसायटीचे चेअरमन, नऊ वर्षांचा मधुमेह. सरुबाईच्या बरणीतल्या चहावर जाड साय धरायची. तो आंबवलेला चहा साखरेवर रामबाण, अशी गावात बोलवा. आबाराव महिनाभर तो प्याले, इन्शुलिन सोडलं आणि साखर चढून गेले.

"सुई सोडा म्हणालात?" रेवणप्पांनी विचारलं. खासगी तपास हा त्यांचा धंदा.

"न्हाय वो! सोडू नका म्हणून दोनदा बजावलं."

सोबती लिंबाजीला घेऊन रेवणप्पा आबारावांच्या घरी गेले. सून बनाबाई भेटली.

"रोज लघवी मीच तपासायची. निळ्या औषधात तापवली की साखर असली तर विटकरी रंग येतो. चहा घेतल्यावर चौथ्या दिवसापासून नळी निळीच. मामंजी म्हणाले, आता सुई कशाला?"

"लघवीची बाटली तुमच्याकडे कोण द्यायचं?"

"सासूबाई."

"मोरीत एवढी राख?"

"मुंग्या हो! मामंजी लघवीला बसायचे तिथं, शेवटच्या दिवसापर्यंत नुसता सुळसुळाट. मामंजी गेले नि मुंग्याही गेल्या."

रेवणप्पांनी ग्लुकोजची चिमूट पाण्यात विरघळवली, त्याच औषधात तापवली. नळी विटकरी झाली.

"औषध चांगलंय. म्हणजे चहानंच साखर उतरली!" लिंबाजी खूश.

"अरे, उतरली असती तर माणूस कशाला गेला असता?"

आतून आबारावांची बायको द्वारकाबाई कडाडल्या, "त्या सरीनं माझं कुंकू पुसलं!"

"द्वारकाबाई, चहानं साखर उतरते का, देव जाणे. आबारावांची उतरली नव्हती. मोरीत मुंग्या होत्या, म्हणजे लघवीत साखर होती. औषध शाबूत, तरी नळी निळी. मग बाटलीतली लघवी त्यांची नव्हतीच. आणि बाटली तुमच्या हातून यायची."

द्वारकाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या.

"व्हय, माझी हुती. नऊ वर्षं सुई म्याच टोचली. कसायाकडं बघावं तसं बघायचे माझ्याकडं. म्हटलं, एक दिस तरी सुखाचा जाऊ दे. निळी नळी बघून ते हसले वो! माझा हात धरला. मग खरं सांगायला तोंडच राहिलं न्हाय. वाटलं, चहानं गुण येईलच की."

"आणि आळ सरुबाईवर?"

त्या आत जायला वळल्या.

"उद्या विहिरीवर येऊन सांगा."

सकाळी त्यांनी सांगितलं. गावाला वाळीत टाकायला कुणीतरी लागतंच. बायांनी सरुबाईला वाट दिली आणि द्वारकाबाईंची घागर बाजूला सारली.

लिंबाजी कळवळला. "सरुबाई, तुम्ही तरी बोला की. म्हातारीनं पाण्यावाचून काय करायचं?"

सरुबाईनं भरली घागर डोक्यावर घेतली.

"माझ्या येळंला मला कुणी विचारलं हुतं का?" म्हणाली आणि घरी गेली.