ऑड्रीने हात काढला नव्हता

सकाळचे पावणेआठ. फेब्रुवारीतला रविवार, साल २०१४.

इंग्लंडमध्ये स्टोक शहराच्या लाँगटन भागात, चर्चमागच्या हॉलमध्ये जुन्या भांड्यांचा बाजार भरला होता. विक्रेत्या क्लाइवच्या टेबलासमोरच्या खुर्चीत ऑड्री मेचिन बसली होती. तिच्या उजव्या हाताची चार बोटं चिनी मातीच्या एका मोठ्या निळ्या जगाच्या कानात, म्हणजे मुठीत, अडकवलेली होती.

तिने डोकं हळूच टेबलावर टेकवलं. शेजारची एक बशी खाली पडून फुटली.

जग जागचा हलला नाही... आणि हातही.

ही हकीकत रचलेली नाही. त्या सकाळी हॉलमध्ये असलेली बरीच माणसं अजून लाँगटनमध्येच राहतात. त्यांनी जे सांगितलं, तेवढंच इथे लिहिलं आहे. कुणालाच खात्री देता आली नाही अशा गोष्टी गाळल्या आहेत. तरीही जे उरलं, ते एवढं आहे.

ऑड्रीच्या मागे, दोन पावलांवर, बेरिल टनिक्लिफ उभी होती. ती नेहमीच तिथे उभी असायची.

दोघी एकाच गल्लीतल्या, एकाच शाळेतल्या. दोघींना एकच नाद. निळ्या छापाचे जुने जग. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, ते पातळ कागदावर उतरवायचं आणि तो कागद भाजलेल्या भांड्यावर घासून बसवायचा, हे काम एके काळी लाँगटनमधल्या घराघरातल्या बायका करायच्या. बेरिलची पणजीही त्यातलीच. दोघी ज्या नक्षीच्या मागे होत्या, तिच्यात पवनचक्की होती, नदी होती आणि काठावर धुणं वाळत घालणाऱ्या तीन बायका होत्या. लहान ते मोठे असे सहा जग मिळून एक संच.

ऑड्रीकडे पाच होते. बेरिलकडे चार.

ऑड्रीला नोकरी आधी लागली. लग्न आधी झालं. जगही आधी मिळाले. बेरिल बाजारात पोचायची तेव्हा ऑड्रीचा हात त्या वस्तूवर असायचा. आणि आमच्या बाजारात एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. वस्तूवर एकाचा हात असेपर्यंत दुसऱ्याने किंमत विचारायची नाही. हात पुढे करायचा नाही. मागे उभं राहायचं. पहिल्याने हात काढला, की तुमची पाळी.

त्या दिवशी टेबलावर सहावा होता. सगळ्यात मोठा. चाळीस वर्षांत दोघींपैकी कुणीही तो प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

कोसळण्याआधी ऑड्रीने मान न वळवताच बेरिलला ओळखलं होतं.

"आलीस का बेरिल? तुझ्या बुटांचा आवाज ऐकला."

"बघतेस की घेतेस?"

"बघते. निवांत बघते. मी काही हात काढायची नाही. तू जा, चहा पिऊन ये."

"मला तहान नाही."

"मग उभी राहा बाई. तुला सवय आहे."

ऑड्रीचे हे शेवटचे शब्द.

बशी फुटल्यावर धावपळ झाली. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला. हॉलमध्ये एक निवृत्त परिचारिका होती. तिने ऑड्रीची नाडी पाहिली आणि म्हणाली, "हिला खाली झोपवायला हवं. तो हात सोडवा कुणीतरी."

बेरिल सगळ्यात जवळ होती.

तिने करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. बोटं थंड नव्हती. ऑड्रीचे डोळे अर्धे उघडे होते. ती बेरिलच्या तोंडाकडे पाहत नव्हती...

ती बेरिलच्या हाताकडे पाहत होती.

शेवटचं बोट सुटलं. त्याच क्षणी बेरिलने स्वतःची चार बोटं त्या कानात घातली.

ऑड्रीला स्ट्रेचरवर घेतलं, बाहेर नेलं, दार लागलं. तोवर बेरिल टेबलाशी तशीच उभी होती.

क्लाइव हलक्या आवाजात म्हणाला, "राणी, आज नको. पुढच्या वेळी ये, मी ठेवतो तुझ्यासाठी."

"हात माझा आहे, क्लाइव. किंमत सांग."

त्याने सांगितली. नियम म्हणजे नियम. आजूबाजूची माणसं दुसरीकडे बघायला लागली.

घरी बेरिलच्या नवऱ्याने, रेजने, तव्यावर ओटकेक, ओटच्या पिठाची धिरडी, गरम केली होती. आत चीज वितळत होतं. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"फोन आला होता. ऑड्री रस्त्यातच गेली."

"हं."

"आणि तू हे विकत घेऊन आलीस?"

"माझी पाळी होती."

"एवढ्या वर्षांची शेजारीण ती. निदान कोट तरी काढ, मग मिरव."

बेरिलने कपाटावर चार जग ओळीने लावले आणि शेवटी तो मोठा ठेवला. मग आमच्याकडे जुनं भांडं घरात आलं की सगळे करतात, तेच केलं. बोटाच्या पेराने एकेकाला टिचकी मारली. भांडं धड असेल तर घंटेसारखं वाजतं आणि आवाज जरा वेळ रेंगाळतो. तडा असेल तर बद्द वाजतं.

पहिला वाजला. दुसरा, तिसरा, चौथाही वाजला.

मोठ्याला टिचकी मारली...

थप्प.

आवाज निघाला आणि तिथेच मेला.

बेरिलचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं वाट पाहायची आणि तडा गेलेला जग घरी आणायचा? ऑड्रीला हे कळलं असतं तर ती आठवडाभर हसली असती. बेरिलने भिंग लावून तो जग आतून बाहेरून तपासला. छापाच्या कागदाच्या दोन तुकड्यांचा सांधा दिसला, त्यावर तिसऱ्या धुणेवालीचा हात जरा तुटक छापला गेला होता. तडा कुठेच नव्हता.

ऑड्रीची मूठमाती झाल्यावर बेरिल जग घेऊन क्लाइवच्या दुकानात गेली. दुपारची वेळ. बाहेर स्वच्छ ऊन. क्लाइवने पाण्याने भरून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"ठणठणीत आहे, राणी. माझ्याकडे होता तेव्हा तर चर्चच्या घंटेसारखा वाजायचा."

"मग वाजव."

क्लाइवने जग टेबलावर ठेवला. बेरिल समोर उभी होती. त्याने नजर न उचलता टिचकी मारली.

थप्प.

पुन्हा मारली.

थप्प.

"अगं, हात काढ की," तो म्हणाला. "तू धरून ठेवलास तर कसा वाजेल?"



क्लाइवने मान वर केली...

बेरिलचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

क्लाइव हे आजही सांगतो. चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस आहे. तो म्हणतो, तडा गेलेल्या भांड्याचा आवाज वेगळा आणि कुणीतरी धरून ठेवलेल्या भांड्याचा वेगळा. हे दोन आवाज त्याच्या कानाला झोपेतही कळतात. तो आवाज तड्याचा नव्हता.

त्या दिवशी त्याने जग कागदात गुंडाळून परत दिला. पैसे परत हवेत का, विचारलं. बेरिल नाही म्हणाली.

"माझा आहे तो," ती म्हणाली. "बिल आहे माझ्याकडे."

मार्चमध्ये थंडी परतली. तेलाचे पैसे वाचवायचे म्हणून रेज त्या खोलीत शेगडी लावत नसे. सकाळी बेरिल कपाट पुसायला गेली. चार जग बर्फासारखे होते. मोठ्याचं पोटही तसंच गार. तिने कानात बोटं घातली...

आतून कान कोमट होता.

आपल्या आधी कुणीतरी तो बराच वेळ धरून बसलं असावं, तसा.

तिने जग उचलायला घेतला. तो दोन्ही हातांनी उचलावा लागे, इतका जड. त्या दिवशी तो अलगद वर आला. जड पेटी उचलताना दुसऱ्या टोकाला कुणी हात लावला की जसं वजन निम्मं होतं...

तसा.

शेजारच्या खोलीतून रेजने बायकोचा आवाज ऐकला. ती ओरडत नव्हती. बाजारात बोलतात तशा आवाजात बोलत होती.

"सोड की आता. मी पैसे मोजलेत. तू एक पैसा दिला नाहीस."

मग पुन्हा तीच.

"सगळं तुलाच आधी हवं का गं?"

रेज दारात आला. बेरिल कपाटापासून दोन पावलं मागे उभी होती. हात कमरेवर, मान किंचित तिरकी. रेजने बाजारात तिला कितीदा असं उभं पाहिलं होतं. ऑड्रीच्या मागे.

"बेरिल, तू कुणासाठी थांबलीयस?"

तिने दचकून खाली पाहिलं. आपण मागे कधी सरकलो, हे तिला ठाऊक नव्हतं.

हे तिला सोसवलं नाही. कोमट कानाची तिला भीती वाटत नव्हती, असं तीच सांगते. पण आपल्या घरात, आपल्या कपाटासमोर, आपण विकत घेतलेल्या वस्तूसाठी आपण रांगेत उभं राहायचं? एप्रिलच्या बाजारात तिने जग क्लाइवच्या टेबलावर ठेवला.

"विकून टाक. कितीलाही."

"नक्की?"

"मला नाही तर तिलाही नको."

ही वस्तू तासाभरात जायला हवी होती. क्लाइवने तो पुढच्याच रांगेत मांडला. लोक थबकायचे. डोळे चमकायचे. हात पुढे यायचा...

आणि मध्येच थांबायचा.

लीड्सहून आलेल्या एका बाईने हात मागे घेतला, टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "माफ करा हं, तुमचं चाललंय का? होऊ द्या सावकाश."

मग ती पुढच्या टेबलाकडे गेली. क्लाइवने तिला गाठून विचारलं, कुणाशी बोललात? तिला आठवेना. "कुणीतरी बघत होतं ना?" एवढंच ती म्हणाली.

क्लाइवने खुर्ची हटवली. किंमत निम्मी केली. पुढे किमतीची चिठ्ठीच काढून टाकली, म्हणजे लोक निदान विचारतील. एकानेही विचारलं नाही. त्या बाजारात नाही, त्यानंतरच्या कुठल्याच बाजारात नाही. ज्यांना ऑड्रीचं नावही माहीत नाही, असे परगावचे व्यापारीसुद्धा येतात, दोन पावलं मागे थांबतात आणि निघून जातात.

ऑड्रीचे पाच जग तिच्या मुलीने लिलावात विकले. ते बेरिलने घेतले. आता तिच्याकडे मोठा सोडून सगळे आहेत, काही तर दोन-दोन. मोठ्याची जागा तिने कपाटावर मोकळी ठेवली आहे.

कारण तिचं मन पुन्हा फिरलं. दर बाजाराला ती सगळ्यात आधी आत शिरते आणि क्लाइवच्या टेबलापाशी उभी राहते. टेबलाला चिकटून नाही. दोन पावलं सोडून. क्लाइव म्हणाला, फुकट घेऊन जा. ती म्हणाली, अजून माझी पाळी नाही.

गेल्या रविवारीही ती तिथेच होती. आता ती काठी घेऊन चालते. दुपारी बाजार उठत आला, तेव्हा क्लाइवने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"राणी, सकाळपासून उभी आहेस. जा, चहा पिऊन ये."

बेरिलने जगावरची नजर काढली नाही.

"आणि मी गेले नि तिने नेमका तेव्हाच हात काढला तर?"

क्लाइवने जाण्यापूर्वी जगाला एकदा टिचकी मारून पाहिली.

थप्प.