दोन लाख तारे

जिन्याच्या वळणावर ती दम खायला थांबली आणि हातातलं कॉम्प्युटरचं जड खोकं तिने खाली ठेवलं… ते नेमकं कुणाच्या तरी पायावर.

"आई गं!"

"अय्या, सॉरी! दिसलंच नाही मला." चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या मुलीने हे म्हणावं, म्हणजे कमालच झाली.

तो मात्र पाय सोडून खोक्याकडेच बघत राहिला. "हे अजून चालतं?"

"कालपर्यंत चालत होतं. वर कुणी भंगारशेठ आहेत म्हणे, जुनी मशीन दुरुस्त करणारे…"

"मित्र मलाच म्हणतात तसं," तो ओशाळून हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. तिने उगाचच कठड्याकडे पाहिलं.

वर, स्क्रू आणि वायरींच्या पसाऱ्यात बसून तिने सगळं सांगितलं. तिच्या बाबांनी तरुणपणी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तारीख घातली की त्या दिवशीचं आकाश पडद्यावर एकेक तारा करत उमटायचं. तारे दोन लाख, पण हे मशीन चाळीस हजारांवर मान टाकायचं. पूर्ण आकाश बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि आता त्यांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने…"

"मग आजच्या काळातलं दणकट मशीन बांधू."

"पण आत सिस्टीम जुनीच हवी, वीस वर्षांपूर्वीची. बाबांना पडद्यावरची बटणं दिसत नाहीत, त्यांच्या हाताला ती पाठ आहेत. नव्या सिस्टीमवर ते हरवतात."

त्याचे डोळे चमकले. "असलं काम कुणी आणतच नाही हो माझ्याकडे!"

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिथे जाऊ लागली. मशीन कसं चाललंय ते बघायला, असं ती स्वतःला सांगायची.

"बत्तीस जीबी मेमरी बसवली," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आणि आजीबाईंना दिसते जेमतेम साडेतीन." जुन्या सिस्टीमला तो आजीबाई म्हणायचा.

"पाठवा दुकानात. चष्मा लावून देते."

"आणि नवं ग्राफिक्स कार्ड त्या ओळखतच नाहीत. त्यांच्या ओळखीतलं शेवटचं कार्ड शोधायला तीन दिवस वणवण केली मी."

"माझ्या बाबांसाठी?"

"हो… म्हणजे… त्यांच्यासाठीपण."

नवव्या दुपारी मशीनमधून ती जुनी, ओळखीची धून वाजली आणि तिने त्याची बाहीच धरली. बाही सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

तिच्या घरी येऊन त्याने मशीन जोडलं. खिडकीचे पडदे ओढून बाबा खुर्चीत बसले. त्यांच्या बोटांनी अचूक वाट काढली. लेकीची जन्मतारीख घालून त्यांनी कळ दाबली.

"कधी सुरू होणार?"

"बाबा…" ती पुटपुटली, "झालंसुद्धा."

पापणी लवायच्या आत दोन लाख तारे येऊन बसले होते. बाबांचा चेहरा पडला. "मला नुसता पांढरा धूर दिसतोय गं. एकेक येताना बघायचा होता…"

"चूक माझी, काका," तो खाली मान घालून म्हणाला. "ताकदीच्या नादात वेगाचा विचारच केला नाही मी. तुमच्या प्रोग्रॅमला हात लावू?"

"आजवर कुणी लावलेला नाही." बाबांनी खुर्ची बाजूला सरकवली. "लाव."

त्याने चारच ओळी वाढवल्या. आता तारे सावकाश, एकामागून एक येणार होते; प्रत्येक तारा येताना क्षणभर मोठा होणार होता, मग आपल्या जागी लहान होऊन थांबणार होता.

बाबांनी पुन्हा कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक ठिपका फुलला, मग दुसरा. कोपऱ्यातला ताऱ्यांचा आकडा ती वाचून दाखवत होती. अर्ध्या तासाने तो चाळीस हजारांवर आला आणि तिघंही पडद्याकडे झुकले.

चाळीस हजार एकावा तारा आला. मग पुढचा, मग त्याच्याही पुढचा… बाबांनी हात जोडले. तिच्या डोळ्यांना धार लागली. एवढं आकाश इतकी वर्षं घरात होतं आणि कुणालाच दिसलं नव्हतं!

संध्याकाळ होता होता शेवटचा तारा जागेवर बसला.

"आता दिसेनासं झालं तरी चालेल," बाबा म्हणाले. "माझं बघून झालं. पोरा, आता तुझ्या आवडीची तारीख घाल."

त्याने अडखळत आकडे दाबले. तिने वाकून पाहिलं. "ही तर या महिन्यातलीच आहे. या दिवशी काय होतं?"

"जिन्यात… तुम्ही माझ्या पायावर खोकं ठेवलंत."

पहिला तारा फुलला.

"मला कमी दिसतं," बाबा पडद्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "ऐकू मात्र सगळं येतं हं!"

ती लाजून हसली. खुर्चीच्या पाठीवरच्या त्याच्या हातावर तिने अलगद हात ठेवला.

"किती वेळ चालेल हे?"

"अडीच तास."

"ए," ती हळूच म्हणाली, "आणखी सावकाश नाही का करता येणार तुला?"