घुम्याच्या गालावरचा अंगठा

“माझ्या नवऱ्याने रविवारी एक शॉट घेतला,” वहिनी खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या. “आणि त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.”

भावोजींच्या हातातली फाइल खाली पडली. मेहुणीने मात्र शांतपणे वहिनींपुढे पाण्याचा पेला सरकवला.

कचेरी मेहुणीची, धंदा खाजगी तपासाचा. भावोजी तिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बहीण गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून ते रोज इथे येऊन बसत. फायली उचलायच्या आणि शेवटपर्यंत काही कळू द्यायचं नाही स्वतःला, ही दोन्ही कामं ते चोख करत. आज त्यांच्या कपाळावर नवं टेंगूळ होतं. स्वयंपाकघरातली फळी बायकोने स्वतःच्या उंचीने ठोकून घेतली होती. ती बुटकी आणि हे ताडमाड. रोज सकाळी साखर काढताना कपाळ आपटायचं. फळी वर घ्या म्हणून सांगून सांगून मेहुणीचं तोंड दुखलं होतं, पण ते ऐकत नसत.

वहिनी म्हणजे घुम्याच्या स्टुडिओच्या मालकीण; तिथे सगळे त्यांना वहिनीच म्हणत. घुम्या कोण, हे भावोजींना सांगावं लागलं नाही. मातीचा वीतभर म्हातारा, हातात छत्री, तोंडातून एक शब्द नाही. चारही चित्रपट त्यांनी बायकोबरोबर पाहिले होते.

“बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची,” वहिनी सांगू लागल्या. “दिवसभर राबलं तर पडद्यावर चार क्षण. प्रत्येक शॉटच्या आधी आमचे हे घुम्याच्या गालावर आपला अंगठा दाबायचे. जीव घालणं म्हणायचे त्याला. अंगठ्याच्या रेघा पडद्यावर दिसायच्या. लोक त्याला घुम्याची खळी म्हणतात. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तारेने अंगठा कापून घेतला, तर पट्टी बांधू देईनात. म्हणे, माती मला ओळखणार नाही! तसाच दाबत राहिले. पुढे भरून आला, खूणसुद्धा राहिली नाही.”

“आणि आता?”

“आता पाचवा चित्रपट नवा दिग्दर्शक करतोय. मीच सांगितलं होतं, गालाला कुणी अंगठा लावायचा नाही. सोमवारी सकाळी कॅमेऱ्यात एक शॉट निघाला. रविवारी स्टुडिओ बंद असतो. किल्ल्या माझ्याकडे, कॅमेरामनकडे, बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे आणि नव्याकडे. कुणीच कबूल होत नाही. आणि गालावर अंगठा आहे. त्यांचाच. मला भिंग लागत नाही, मी बायको आहे.”

मग त्या पेला बाजूला सारून म्हणाल्या, “उद्या मी स्टुडिओला कुलूप लावणार होते. त्यांच्याशिवाय घुम्या चालत नाही, हे दोन वर्षं बघतेय. तो शॉट पाहिला आणि हात थांबला. खरं काय ते शोधून द्या. ते नसतील, कुणी सोंग केलं असेल, तर लावते कुलूप.”

भूत शोधायला दुपारची वेळ बरी, असा भावोजींनी मनाशी हिशेब केला आणि निघाले.

स्टुडिओच्या दारातच काचेचं कपाट होतं. आत पहिल्या चित्रपटातला घुम्या, छत्रीचा रंग उडालेला. कपाटाला नुसती कडी होती. मेहुणीने ती काढली आणि भिंग घेऊन त्याच्या गालाशी इतका वेळ घुटमळली की भावोजींचे पाय दुखले.

“खळीत पांढरं काहीतरी आहे,” ती म्हणाली.

“धूळ असेल.”

“धूळ करडी असते, भावोजी.”

वहिनींनी आधी शॉट दाखवला. खिडकीबाहेरून दिसणारा घुम्या. कठड्याच्या वर कमरेपासूनचाच. तो छत्री उचलतो, दाराकडे वळतो, थांबतो. मागे वळून एका रिकाम्या खुर्चीकडे बघतो. मग छत्री परत होती तिथे ठेवतो. बस्स, एवढंच.

भावोजींनी खिशातला रुमाल काढला आणि कपाळाचं टेंगूळ पुसल्यासारखं करून डोळे पुसले. बायकोची चप्पल अजून दारामागे होती. ती उचलून आत ठेवायला ते किती वेळा वाकले होते आणि तशीच ठेवून उठले होते.

बाहुल्या करणाऱ्या बाई खोलीत माती मळत होत्या. पहिल्या चित्रपटापासूनच्या. प्रश्न ऐकताच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मी? माझा अंगठा बघा, काडीसारखा! आणि शॉट म्हणाल तर दादाच ते, वहिनींचे यजमान. दुसऱ्या कुणाला जमणार? जमण्यावरून आठवलं, सोमवारी आले तर कुणीतरी माझ्या वाटीत प्लास्टर कालवून वाटी तशीच टाकलेली. दगड झाला होता त्याचा. इथे कुणाला शिस्तच नाही राहिली.”

कॅमेरामन दादांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या टेबलावर चौथ्या चित्रपटातला घुम्या होता. मेहुणीने विचारून त्याचाही गाल पाहिला.

“शॉट कसा वाटला?”

“वाटला काय? दादा आला होता,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. “दादा गेला तेव्हाच घुम्या गेला, असं मी वहिनीला दोन वर्षं सांगतोय. या नव्याला काही गम्य नाही. पण तो शॉट... त्यात खोट काढून दाखवा कुणीही.”

नवा शेवटी सापडला. चाळिशीचा माणूस, आधी जाहिराती करायचा. दोन वर्षं झाली तरी त्याला सगळे नवाच म्हणत. सेटच्या मधोमध दादांची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नसे, तिला कुणी हलवतही नसे. नवा जिन्याखाली एका उलट्या खोक्यावर बसून एकटाच डबा खात होता. शेजारच्या खोलीतून बाकीच्यांचं हसणं ऐकू येत होतं.

“तुम्ही किती वेळा पाहिला तो शॉट?” मेहुणीने विचारलं.

“एकदाच. सोमवारी, सगळ्यांबरोबर.”

“कसा वाटला?”

त्याने डब्यातला घास मोडला. “बरा आहे. वळताना डावा पाय घसरलाय. टाच आधी उचलायला हवी होती. बाकी... सगळे म्हणतात, दादांचा आहे. असेल.”

“तुम्हाला आवडला नाही?” भावोजींना राहवलं नाही. “अहो, मी रडलो!”

नव्याने मान वर केली. क्षणभर त्याचा चेहरा असा काही उजळला, की भावोजी गोंधळले. लगेच त्याने मान खाली घातली आणि डबा बंद केला.

मेहुणी सेटवर गेली. रविवारपासून घुम्या तिथे तसाच उभा होता, गालावर खळी घेऊन. वहिनींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मेहुणीने भिंगातून गाल पाहिला, मग भावोजींना सेटखाली वाकायला लावलं.

“बाहुली पडू नये म्हणून फळीखालून पावलांत स्क्रू घालतात. भोकं दिसतात?”

“दिसतात. सगळी बारीक आहेत. हे डाव्या पायाचं तेवढं फाटलंय.” उठताना त्यांचं डोकं फळीवर आपटलं. सवयच होती.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना सेटवर बोलावलं.

“अंगठा दादांचाच आहे,” मेहुणीने सुरुवात केली. कॅमेरामननी डोळे मिटले. “पण रविवारचा नाही. या खळीत रेघांना छेद देणारी एक आडवी चीर आहे. दादांचा अंगठा कापला तो पहिल्या चित्रपटाच्या वेळी, आणि नंतर खूणही राहिली नाही. चौथ्या चित्रपटाच्या घुम्याला चीर नाही. ती चीर आणखी एकाच गालावर आहे, दारातल्या कपाटात. त्या खळीत कुणीतरी ओलं प्लास्टर भरलं. सुकल्यावर दादांचा अंगठा हातात आला. तो या गालावर दाबला. कपाटातल्या खळीत पांढरे कण राहिले आणि बाईंच्या वाटीचा दगड झाला.”

“पण कुणी?” बाई ओरडल्या.

“दादांशिवाय हे कुणाला जमणार, असं तुम्ही म्हणालात. शॉटमध्ये खोट नाही, असं कॅमेरामन म्हणाले. आमचे भावोजी तर रडले. चूक एकानेच काढली. डावा पाय घसरला, टाच उचलायला हवी होती.” मेहुणी थांबली. “शॉटमध्ये घुम्याचे पाय दिसतच नाहीत. खिडकीचा कठडा आड येतो. नुसत्या अंगावरून पाय घसरल्याचं कळेलही एखाद्याला. पण डावा, आणि तोही टाचेमुळे? ते ज्याच्या हातात तो पाय होता त्यालाच कळणार. सेटखाली डाव्या पायाचं भोक फाटलेलं आहे.”

सगळ्यांचे डोळे नव्याकडे वळले. तो उभा राहिला. नाकारण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

“खोटेपणा!” कॅमेरामन पुढे झाले. “दादाच्या अंगठ्याची चोरी! तुला लाज...”

“का केलंस?” वहिनींनी विचारलं. हलकेच विचारलं, पण कॅमेरामन गप्प झाले.

“दोन वर्षं मी शॉट दाखवतो आणि तुम्ही सगळे एकच म्हणता, दादा असते तर...” नवा म्हणाला. “चांगला की वाईट, एवढंही कुणी सांगत नाही. मला कळेनासंच झालं होतं, मला काही येतं की नाही ते. म्हटलं, एकदा दादा असूनच बघू. उद्या तुम्ही कुलूप लावणार हे माहीत होतं. त्याआधी एकदा, कुणीतरी माझं काम नीट बघावं, एवढंच होतं मनात. तुम्ही रडलात, वहिनी. मला बोलावंसं वाटलं होतं. पण बोललो असतो तर तुम्ही रडणं थांबवलं असतं.”

भावोजींना वाटलं, आता कुलूप. ते अगदी वहिनींच्या पर्सकडे बघत राहिले, किल्ली निघते का म्हणून.

वहिनी घुम्यापाशी गेल्या. त्यांनी त्याच्या गालावरून एक बोट फिरवलं, त्या चिरेवरून. मग आपल्याच अंगठ्याने माती हळूहळू सारवली. रेघा गेल्या, चीर गेली, गाल गुळगुळीत झाला. बाहुल्या करणाऱ्या बाईंनी तोंडावर पदर धरला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“मी यांच्यासाठी रडले असं मला वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी त्या म्हाताऱ्यासाठी रडले. त्याला बाहेर जायचं होतं आणि जाता येईना.”

त्यांनी नव्याचा हात धरला, त्याला जवळ ओढलं आणि त्याचा अंगठा घुम्याच्या गालाशी नेला.

“लाव तुझा. आणि शॉट परत घे. या वेळी टाच आधी उचल.”

दोघं परतले. कचेरीचं दार उघडून मेहुणीने दिवा लावला. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

“तुला पहिल्यापासून कळलं होतं?”

“नव्याचा चेहरा तुम्हीच उजळवलात, भावोजी. तुम्ही रडलो म्हणालात तेव्हा. मी नुसती बघत होते.”

ते उगाच फायली सारख्या करत बसले. मग कपाळावरून हात फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्याकडे हातोडी आहे का गं? ती फळी... जरा वर घेईन म्हणतो.”

मेहुणीने खण उघडला आणि हातोडी काढून त्यांच्या हातात दिली. खिळेही दिले.